जेरोम लेज्यून

जेरोम लेज्यून (१३ जून १९२६ – ३ एप्रिल १९९४) हे फ्रेंच वैद्य व आनुवंशिकीशास्त्रज्ञ होते. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात, हे जाहीर करणाऱ्या १९५९ मधील शोधनिबंधाचे ते पहिले लेखक होते. मार्त गोतिये व रेमाँ त्युर्पां हे त्या निबंधाचे सहलेखक होते. बौद्धिक अक्षमतेच्या एखाद्या प्रकाराचे कारण गुणसूत्रांतील बदलात आहे, हे या शोधाने प्रथमच सिद्ध झाले व मानवी पेशीआनुवंशिकी या शाखेला वैद्यकात स्थान मिळाले. १९६३ मध्ये लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘क्री द्यू शा’ या विकाराचे गुणसूत्रीय कारणही शोधून काढले.

लेज्यून यांना या संशोधनातून उपचार निर्माण व्हावा असे वाटत होते. प्रत्यक्षात त्यांच्या हयातीतच गुणसूत्रांच्या तपासणीचा उपयोग मुख्यतः गर्भावस्थेतील निदानासाठी व त्यानंतरच्या गर्भपाताच्या निर्णयासाठी होऊ लागला. लेज्यून यांनी त्याला उघड विरोध केला. या भूमिकेमुळे, तसेच १९५९ च्या शोधाचे श्रेय नेमके कोणाचे या वादामुळे, त्यांचे नाव मृत्यूनंतरही चर्चेत राहिले आहे.

प्रारंभिक जीवन

लेज्यून यांचा जन्म पॅरिसलगतच्या माँत्रूज या गावी झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचे कुटुंब पॅरिसच्या दक्षिणेकडील एतांप या गावी राहत होते. त्यांचे थोरले बंधू फिलिप हे पुढे चित्रकार म्हणून ओळखले गेले. जेरोम यांनी पॅरिसमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले व १९५१ मध्ये त्यांना वैद्यकातील डॉक्टरेट मिळाली. १ मे १९५२ रोजी त्यांचा विवाह बिर्थ ब्रिंगस्टेड या डॅनिश तरुणीशी झाला. या दांपत्याला पाच अपत्ये झाली.

१९५२ मध्ये लेज्यून फ्रान्सच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्रात रुजू झाले व पॅरिसमधील बालरोगतज्ज्ञ रेमाँ त्युर्पां यांच्या हाताखाली काम करू लागले. त्युर्पां यांच्याकडे डाऊन सिंड्रोम असलेली अनेक मुले तपासणीसाठी येत. या मुलांच्या निमित्ताने सुरू झालेले काम लेज्यून यांनी आयुष्यभर चालू ठेवले. याच काळात त्यांनी किरणोत्साराच्या आनुवंशिक परिणामांचाही अभ्यास केला व त्या विषयावरील आंतरराष्ट्रीय बैठकांत फ्रान्सतर्फे तज्ज्ञ म्हणून भाग घेतला.

शोधापूर्वीची स्थिती

इंग्लंडमधील अर्ल्सवुड येथील संस्थेचे वैद्य जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. त्या काळच्या वंशविषयक कल्पनांना अनुसरून त्यांनी या मुलांच्या चेहरेपट्टीचा संबंध मंगोल वंशाशी जोडला. त्यामुळे ‘मंगोलिझम’ हे अशास्त्रीय व अपमानास्पद नाव जवळजवळ शंभर वर्षे वापरात राहिले. विकाराचे कारण माहीत नसल्याने आईवडिलांचा क्षयरोग, उपदंश किंवा मद्यपान यांना दोष दिला जाई. मूल जन्माला येताच कुटुंबाच्या चारित्र्याविषयी संशय निर्माण होई व पुष्कळ पालक अशा मुलांना संस्थांत ठेवून देत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही संशोधकांनी वेगळ्या दिशेने विचार सुरू केला होता. १९३२ मध्ये डच नेत्रवैद्य पेट्रस वार्डेनबर्ग यांनी या विकारामागे गुणसूत्रांच्या वाटणीतील चूक असावी असा तर्क मांडला. १९३३ मध्ये ब्रिटिश आनुवंशिकीशास्त्रज्ञ लायोनेल पेनरोझ यांनी दाखवून दिले, की या विकाराची शक्यता आईच्या वयाबरोबर वाढते, वडिलांच्या वयाचा तसा परिणाम दिसत नाही. त्युर्पां यांनीही १९३० च्या दशकात गुणसूत्रीय कारणाची शक्यता व्यक्त केली होती. मात्र हे तपासण्याचे साधन कोणाकडेच नव्हते.

मुख्य अडचण मोजणीची होती. गुणसूत्रे ही पेशीकेंद्रकातील धाग्यांसारखी रचना असून जनुके त्यांवर असतात. पेशीचे विभाजन होत असतानाच ती सूक्ष्मदर्शकाखाली सुटी दिसतात आणि तेव्हाही एकमेकांवर पडलेली असतात. १९२० च्या दशकापासून माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असे मानले जात होते. १९५२ मध्ये अमेरिकेतील टी. सी. शू यांनी पेशी सौम्य क्षारद्रावणात ठेवल्या, तर त्या फुगतात व गुणसूत्रे पसरून वेगवेगळी दिसतात, हे दाखवले. स्वीडनमधील लुंड येथे जो हिन चिओ व अल्बर्ट लेव्हान यांनी ही रीत अधिक सुधारली व १९५६ मध्ये माणसाच्या गुणसूत्रांची खरी संख्या ४६ असल्याचे जाहीर केले. सामान्य संख्या निश्चित झाल्यामुळे तिच्यातील कमीजास्तपणा शोधणे प्रथमच शक्य झाले.

त्रुसो रुग्णालयातील संशोधन

१९५६ मध्ये मार्त गोतिये या तरुण बालरोगतज्ज्ञ अमेरिकेतील हार्वर्ड येथून एक वर्षाचे प्रशिक्षण संपवून पॅरिसला परतल्या व त्युर्पां यांच्या त्रुसो रुग्णालयातील विभागात रुजू झाल्या. त्यांचा मुख्य विषय मुलांचे हृदयरोग हा होता. मात्र अमेरिकेत असताना त्या प्रयोगशाळेत ऊतींचे संवर्धन करण्यास शिकल्या होत्या. त्युर्पां यांना डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांची गुणसूत्रे मोजून पाहायची होती व त्यासाठी लागणारे पेशीसंवर्धन त्या विभागात दुसऱ्या कोणालाच येत नव्हते. गोतिये यांनी हे काम अंगावर घेतले.

साधने तुटपुंजी होती. पेशी वाढवण्यासाठी लागणारे द्रव तयार मिळत नसत. त्यासाठी गोतिये यांनी एक कोंबडा पाळला, त्याचा रक्तद्रव वापरला, कोंबडीच्या अंड्यांतील भ्रूणांचा अर्क काढला व मानवी रक्तजल हवे तेव्हा स्वतःचे रक्त घेतले. मुलांच्या शरीरातून घेतलेल्या संयोजी ऊतीच्या लहानशा तुकड्यापासून त्यांनी पेशी वाढवल्या. प्रथम सामान्य मुलांच्या पेशींत ४६ गुणसूत्रे असल्याची खात्री करून घेतली व नंतर डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या पेशी तपासल्या. मे १९५८ मध्ये त्या पेशींत एक लहान गुणसूत्र जास्त असल्याचे दिसून आले.

लेज्यून या काळात त्युर्पां यांच्याबरोबर या मुलांच्या तळहातांवरील रेषांचा अभ्यास करीत होते. डाऊन सिंड्रोम असलेल्या पुष्कळ मुलांच्या तळहातावर दोनऐवजी एकच आडवी रेषा असते. या रेषा गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या महिन्यांतच तयार होतात. त्यामुळे विकाराचे मूळ गर्भधारणेच्या अगदी आरंभी असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले होते. गोतिये यांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेण्याची सोय नव्हती. लेज्यून यांनी त्यांच्याकडील काचपट्ट्या घेऊन दुसरीकडे छायाचित्रे काढून घेतली. त्याच वर्षी कॅनडातील माँट्रियल येथे त्यांनी हा निष्कर्ष प्रथम शास्त्रज्ञांसमोर मांडला.

२६ जानेवारी १९५९ रोजी फ्रेंच विज्ञान अकादमीच्या वृत्तात लेज्यून, गोतिये व त्युर्पां यांच्या नावे पहिले टिपण प्रसिद्ध झाले. त्यात गोतिये यांचे आडनाव चुकीच्या वर्णलेखनाने छापले गेले होते. मार्च १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टिपणात नऊ मुलांची तपासणी नोंदवली होती व प्रत्येकाच्या पेशींत ४७ गुणसूत्रे आढळली होती. एडिंबरो येथे पॅट्रिशिया जेकब्स व त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले होते. त्यांचा निबंध एप्रिल १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला.

शोधाचे स्वरूप

माणसाच्या शरीरपेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. स्त्रीबीज व शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र पुढे जाते. म्हणजे बीजपेशीत २३ गुणसूत्रे असतात व फलनानंतर ती पुन्हा ४६ होतात. कधी कधी एखाद्या जोडीतील दोन्ही गुणसूत्रे वेगळी न होता एकाच बीजपेशीत जातात. अशी चूक २१ व्या जोडीच्या बाबतीत झाली, तर गर्भात त्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती येतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या सुमारे ९५ टक्के व्यक्तींमध्ये हाच प्रकार आढळतो. उरलेल्यांपैकी काहींमध्ये २१ व्या गुणसूत्राचा जास्तीचा भाग दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेला असतो, तर काहींमध्ये शरीरातील काही पेशी सामान्य व काही ४७ गुणसूत्रांच्या असतात. गुणसूत्र जोडले जाण्याचा प्रकार आईवडिलांकडून आलेला असू शकतो. म्हणून अशा कुटुंबांना पुढील अपत्याच्या वेळी आनुवंशिक समुपदेशनाची गरज असते.

क्रमांक २१ असला, तरी हे गुणसूत्र माणसाच्या गुणसूत्रांपैकी सर्वांत लहान आहे व त्यावर जनुके कमी आहेत. मोठ्या गुणसूत्रांची तिसरी प्रत आल्यास बहुधा गर्भ टिकत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांची विकृती असते, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. २१ व्या गुणसूत्राची तिसरी प्रत असलेली मुले मात्र जन्माला येऊन मोठी होऊ शकतात.

या शोधाचा सामाजिक परिणामही मोठा होता. ही चूक बहुतेक वेळा अकस्मात घडते. आईवडिलांचे वर्तन, व्यसन किंवा एखादा लांच्छनास्पद रोग यांच्याशी तिचा संबंध नसतो, हे आता दाखवता येऊ लागले. वंशाशी तर तिचा काहीच संबंध नव्हता. १९६१ मध्ये ‘मंगोलिझम’ हे नाव सोडून द्यावे, असे आवाहन करणारे पत्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यावर लेज्यून, त्युर्पां व पेनरोझ यांच्यासह अनेक तज्ज्ञांच्या सह्या होत्या. १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही ते नाव वापरणे थांबवले. लेज्यून स्वतः ‘ट्रायसोमी २१’ हे नाव वापरीत व फ्रान्समध्ये तेच रूढ झाले.

पुढील संशोधन

१९५९ नंतर थोड्याच काळात टर्नर, क्लाइनफेल्टर, एडवर्ड्‌स व पटाऊ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या सिंड्रोमची गुणसूत्रीय कारणे ब्रिटन व अमेरिकेतील संशोधकांनी शोधून काढली. लेज्यून यांनी या क्षेत्रात पुढेही महत्त्वाचे काम केले. १९६१ मध्ये त्युर्पां, लेज्यून व सहकाऱ्यांनी एकाच फलित बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांचे एक असाधारण उदाहरण नोंदवले. विभाजनाच्या वेळी एक गुणसूत्र गळाल्याने त्यांतील एक मूल मुलगा, तर दुसरे टर्नर सिंड्रोम असलेली मुलगी होते.

१९६३ मध्ये लेज्यून व सहकाऱ्यांनी ‘क्री द्यू शा’ या विकाराचे वर्णन केले. फ्रेंचमध्ये या नावाचा अर्थ मांजराचे ओरडणे असा आहे. स्वरयंत्राच्या वेगळ्या घडणीमुळे या बाळांचे रडणे मांजराच्या पिलासारखे ऐकू येते. त्यांच्या पाचव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा तुकडा नाहीसा झालेला असतो, असे लेज्यून यांनी दाखवले. गुणसूत्र जास्त असल्यानेच नव्हे, तर त्याचा अंश हरवल्यानेही ठरावीक लक्षणांचा विकार होतो, हे यावरून सिद्ध झाले. १९७१ मध्ये बेर्नार द्युत्रियो व लेज्यून यांनी गुणसूत्रांवर विशिष्ट पट्टे उमटवण्याची एक नवी पद्धत प्रसिद्ध केली. या पट्ट्यांमुळे सारख्या आकाराची गुणसूत्रे वेगळी ओळखता येऊ लागली.

१९६२ मध्ये अमेरिकेतील जोसेफ पी. केनेडी ज्युनियर प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या हस्ते देण्यात आला. १९६४ मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेत मूलभूत आनुवंशिकीचे अध्यासन निर्माण झाले व लेज्यून त्याचे पहिले प्राध्यापक झाले. पॅरिसमधील नेकर बालरुग्णालयात ते पेशीआनुवंशिकी विभागाचे प्रमुख होते. तेथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो मुलांची तपासणी केली व पालकांना मार्गदर्शन केले. १९६९ मध्ये त्यांना अमेरिकन मानवी आनुवंशिकी संस्थेचा विल्यम ॲलन पुरस्कार मिळाला.

उपचाराचा प्रयत्न

तिसऱ्या गुणसूत्रामुळे पेशीतील काही रासायनिक द्रव्यांचे प्रमाण वाढते व त्यामुळे मेंदूचे कार्य मंदावते, अशी लेज्यून यांची धारणा होती. गुणसूत्र काढून टाकता येत नसले, तरी त्याचा रासायनिक परिणाम कमी करता येईल असे त्यांना वाटे. या हेतूने त्यांनी फॉलिक आम्लाशी संबंधित चयापचयाचा दीर्घकाळ अभ्यास केला. बौद्धिक क्षमतेत निश्चित सुधारणा घडवणारा उपचार मात्र त्यांना सापडला नाही.

डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींच्या आयुष्यात पुढे जी सुधारणा झाली, ती मुख्यतः इतर मार्गांनी झाली. या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना जन्मजात हृदयदोष असतो. हृदयशस्त्रक्रिया, प्रतिजैविके, थायरॉइडच्या विकारांवरील उपचार, लहानपणापासून दिले जाणारे वाचा व हालचालींचे प्रशिक्षण आणि संस्थेऐवजी घरात होणारे संगोपन यांमुळे विकसित देशांत त्यांचे सरासरी आयुर्मान सुमारे ६० वर्षांपर्यंत पोहोचले. विसाव्या शतकाच्या आरंभी ही मुले क्वचितच मोठी होत.

गर्भजल परीक्षण व लेज्यून यांची भूमिका

१९६६ मध्ये गर्भाभोवतीच्या पाण्यातील पेशी वाढवून त्यांची गुणसूत्रे पाहता येतात, हे सिद्ध झाले व थोड्याच काळात डाऊन सिंड्रोमचे निदान जन्मापूर्वी होऊ लागले. त्यावर उपचार नसल्याने निदानानंतर पालकांसमोर गर्भ ठेवणे किंवा गर्भपात करणे हे दोनच पर्याय राहत. लेज्यून कॅथलिक होते व मानवी जीवनाचा आरंभ फलनाच्या क्षणी होतो असे ते मानत. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ॲलन पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी विकृती असलेल्या गर्भाचा नाश करण्यास विरोध दर्शवला. सभागृहातील अनेक सहकाऱ्यांना हे भाषण रुचले नाही. त्यांना नोबेल पारितोषिक न मिळण्यामागे ही भूमिका होती, असे त्यांचे समर्थक मानतात.

१९७० च्या दशकात फ्रान्समध्ये गर्भपाताच्या कायद्यावर मोठी चर्चा झाली. लेज्यून यांनी सभा, लेख व दूरचित्रवाणी यांतून कायद्याला विरोध केला. जानेवारी १९७५ मध्ये आरोग्यमंत्री सिमोन व्हेल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा अमलात आला व गर्भातील गंभीर, असाध्य विकाराच्या कारणासाठीही गर्भपातास परवानगी मिळाली. लेज्यून यांच्या विरोधकांचे म्हणणे असे होते, की मूल वाढवण्याचा भार ज्यांना उचलायचा आहे, विशेषतः ज्या स्त्रीच्या शरीराचा हा प्रश्न आहे, निर्णय त्यांचाच असला पाहिजे. हा मतभेद अखेरपर्यंत मिटला नाही. या काळात लेज्यून यांची वैज्ञानिक वर्तुळातील प्रतिष्ठा घटली व संशोधनासाठीचे अर्थसाहाय्यही कमी झाले. नेकर रुग्णालयातील रुग्णसेवा मात्र त्यांनी चालू ठेवली.

महाराष्ट्रातील संदर्भ

लेज्यून यांनी भारतात काम केले नाही. तथापि गुणसूत्रांच्या तपासणीचा मूळ हेतूपेक्षा वेगळा वापर होऊ शकतो, हा त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न महाराष्ट्रात निराळ्या रूपात पुढे आला. गुणसूत्रांच्या तपासणीत विकृतीबरोबरच गर्भाचे लिंगही कळते. दोन एक्स गुणसूत्रे असल्यास मुलगी, एक्स व वाय असल्यास मुलगा. भारतात १९७० च्या दशकात गर्भजल परीक्षण सुरू झाल्यावर विकृतीच्या निदानासाठी आणलेली ही चाचणी मुलीचा गर्भ ओळखून काढून टाकण्यासाठी वापरली जाऊ लागली. मुंबईतील महिला संघटना व आरोग्य कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध चळवळ उभारली. १९८८ मध्ये प्रसवपूर्व निदान तंत्रांच्या वापराचे नियमन करणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. १९९४ मध्ये केंद्र सरकारने संपूर्ण देशासाठी कायदा केला व २००३ मध्ये दुरुस्ती होऊन गर्भधारणापूर्व लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. गुणसूत्रीय विकृतीच्या निदानासाठी चाचणी करण्यास हा कायदा अटींसह परवानगी देतो. लिंग सांगण्यास मनाई करतो.

दरम्यान गर्भजल परीक्षणाची जागा स्वस्त व सोप्या सोनोग्राफीने घेतली होती. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात दर १००० मुलग्यांमागे केवळ ८३९ मुली असल्याचे आढळले. राजर्षी शाहू महाराजांच्या सामाजिक सुधारणांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या संपन्न जिल्ह्यातील हा आकडा राज्यात चर्चेचा विषय झाला. पुढे जिल्हा प्रशासनाने सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण बसवण्याची मोहीम राबवली. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ८६३ झाले.

भारतातील ही चळवळ व लेज्यून यांची भूमिका यांत महत्त्वाचा फरक आहे. लिंगनिदानाला विरोध करणाऱ्या येथील अनेक संघटना स्त्रीच्या गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने होत्या व त्यांचा आक्षेप स्त्रीगर्भाविषयीच्या भेदभावाला होता. लेज्यून यांचा विरोध मात्र गर्भपातालाच होता. गर्भातील गुणसूत्रे पाहून कोणी जन्मावे हे ठरवण्यास मर्यादा असावी का, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी समान होता.

श्रेयाविषयीचा वाद

१९५९ च्या शोधाशी अनेक दशके प्रामुख्याने लेज्यून यांचेच नाव जोडले गेले. मार्त गोतिये या संशोधनानंतर हृदयरोगांकडे परतल्या व पुढे मुलांच्या यकृतविकारांवरील संशोधनात त्यांनी नाव मिळवले. शोधाला ५० वर्षे झाली, तेव्हा २००९ मध्ये त्यांनी आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. पेशीसंवर्धन व जास्तीच्या गुणसूत्राचे पहिले निरीक्षण आपले होते, छायाचित्रांसाठी दिलेल्या काचपट्ट्यांच्या आधारे लेज्यून यांनी आपल्याला पुरेशी कल्पना न देता शोध जाहीर केला व लेखकांच्या क्रमात आपले नाव दुसरे आले, असे त्यांचे म्हणणे होते. लेज्यून हयात नसल्याने त्यांना उत्तर देणे शक्य नव्हते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानाने हा दावा अमान्य केला. लेज्यून यांच्या नोंदवह्या व तत्कालीन पत्रव्यवहार यांवरून ४७ व्या गुणसूत्राची ओळख त्यांनीच पटवली होती, अशी प्रतिष्ठानाची भूमिका आहे.

जानेवारी २०१४ मध्ये बोर्दो येथील आनुवंशिकी परिषदेत गोतिये यांचे भाषण व्हायचे होते. प्रतिष्ठानाने न्यायालयाच्या परवानगीने भाषणाची नोंद घेण्यासाठी अधिकारी पाठवल्यावर आयोजकांनी ते रद्द केले. गोतिये यांना सन्मानपदक नंतर खासगीरीत्या देण्यात आले. त्याच वर्षी इन्सर्म या फ्रान्सच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने या प्रकरणावर मत दिले. पेशीसंवर्धनाचे तंत्र ही शोधाची आवश्यक अट होती व त्या टप्प्यावर गोतिये यांचा वाटा अधिक होता. लेज्यून यांचे योगदान शोधाचे महत्त्व जगासमोर मांडण्यात व पुढील विस्तारात ठळक होते, असा समितीचा निष्कर्ष होता. विकाराचे कारण गुणसूत्रांत शोधण्याची मूळ कल्पना त्युर्पां यांची होती. गोतिये यांना २०१४ मध्ये फ्रान्सचा लेजियाँ द’ऑनर हा सन्मान मिळाला. ३० एप्रिल २०२२ रोजी त्यांचे निधन झाले.

अखेरची वर्षे व निधन

१९७४ मध्ये लेज्यून यांची व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीवर नियुक्ती झाली. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्या वतीने मॉस्कोला गेलेल्या शिष्टमंडळातून त्यांनी सोव्हिएत नेते लिओनिद ब्रेझनेव्ह यांची भेट घेऊन अणुयुद्धाच्या परिणामांविषयी शास्त्रज्ञांचे निवेदन सादर केले. १९८३ मध्ये ते फ्रान्सच्या राष्ट्रीय वैद्यक अकादमीचे सदस्य झाले. १९८९ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात गोठवलेल्या भ्रूणांच्या ताब्यावरून एका विभक्त दांपत्यात चाललेल्या खटल्यात त्यांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. फेब्रुवारी १९९४ मध्ये जीवनविषयक पोंटिफिकल अकादमीचे पहिले अध्यक्ष म्हणून त्यांची नेमणूक झाली. तोवर त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले होते. ३ एप्रिल १९९४ रोजी, ईस्टरच्या रविवारी, पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या दक्षिणेकडील शालो-सँ-मार या गावी त्यांचे दफन करण्यात आले. १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तेथे जाऊन त्यांना आदरांजली वाहिली. २०२१ मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना संतपदाच्या प्रक्रियेतील ‘पूजनीय’ हा दर्जा दिला.

वारसा

लेज्यून यांच्या नावाचे प्रतिष्ठान गुणसूत्रीय कारणांमुळे होणाऱ्या बौद्धिक अक्षमतांवरील संशोधनास अर्थसाहाय्य करते. या प्रतिष्ठानाशी संलग्न असलेल्या पॅरिसमधील रुग्णसेवा केंद्रात मुलांबरोबरच प्रौढ रुग्णांवरही उपचार केले जातात. २००० मध्ये २१ व्या गुणसूत्राचा जनुकीय क्रम आंतरराष्ट्रीय संशोधकगटाने प्रसिद्ध केला. या गुणसूत्रावरील एका जनुकाचा अल्झायमर रोगाशी संबंध असल्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींमध्ये तो रोग लवकर का होतो, हे समजण्यास मदत झाली. २०१३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतील २१ व्या गुणसूत्राची जास्तीची प्रत निष्क्रिय करून दाखवली. माणसावर असा उपचार अद्याप उपलब्ध नाही.

याउलट निदानाची साधने झपाट्याने वाढली. २०११ पासून आईच्या रक्तातील गर्भाच्या डीएनएची तपासणी करून गर्भाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता सांगणाऱ्या चाचण्या उपलब्ध झाल्या. खात्रीच्या निदानासाठी मात्र आजही गर्भजलातील किंवा वारेच्या पेशींतील गुणसूत्रे पाहावी लागतात. काही देशांत निदानानंतर बहुसंख्य गर्भधारणा थांबवल्या जातात. त्यामुळे लेज्यून यांनी घेतलेला आक्षेप व त्यावरील प्रतिवाद दोन्ही अद्याप जिवंत आहेत.

दरवर्षी २१ मार्च हा दिवस जागतिक डाऊन सिंड्रोम दिन म्हणून पाळला जातो. २१ व्या गुणसूत्राच्या तीन प्रती सूचित करण्यासाठी वर्षाच्या तिसऱ्या महिन्यातील एकविसावी तारीख निवडण्यात आली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१२ पासून या दिवसाला मान्यता दिली आहे.